परत आलेला होम्स

दिवाळी अंकाच्या वाचकांना मुद्दाम सांगावी अशी एक गोष्ट म्हणजे, शेरलॉक होम्सचा जन्म एका वार्षिकांकातच झाला. इंग्लंडात नाताळच्या सुमारास असे अंक निघत. का. र. मित्रांनी आपल्याकडे 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. त्याच्या बावीस वर्षे आधी, १८८७ च्या 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल'मध्ये 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही कादंबरी छापून आली. लेखक आर्थर कॉनन डॉयल हा साउथसी गावात दवाखाना थाटून बसलेला अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर. सर्व हक्कांसह त्याला मिळाले २५ पौंड. अंक एक शिलिंगला विकला गेला आणि त्या वेळी तरी कुणी फारशी दखल घेतली नाही.

होम्स खरा गाजला तो 'स्ट्रँड' मासिकामुळे. जॉर्ज न्यून्स यांनी १८९१ च्या आरंभी ते सुरू केले आणि जुलैच्या अंकात होम्सची पहिली लघुकथा आली. डॉयलचा हिशेब साधा होता. मासिकातली क्रमशः कादंबरी वाचताना एक अंक चुकला की वाचकाचा धागा तुटतो, आणि सुट्या कथांनी वाचक मासिकाशी बांधला जात नाही. तेव्हा नायक तोच ठेवावा आणि गोष्ट मात्र दर अंकात पुरी करावी. आज हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही नवे होते हेच ध्यानात येत नाही. पण मालिकेच्या वाचकाची पुढची सारी निराशा या युक्तीतच दडलेली होती. कादंबरी संपते तेव्हा वाचक निरोपाला तयार असतो. दर महिन्याला घरी येणारा पाहुणा मात्र एक दिवस येणारच नाही, हे त्याच्या मनातही येत नाही.

लेखक लवकरच कंटाळला. त्याला वॉल्टर स्कॉटच्या वाटेने ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. होम्स त्या कामाच्या आड येत होता. १८९१ मध्येच त्याने आईला कळवले की होम्सला संपवून टाकावे म्हणतो. आईने विरोध केला आणि होम्स दोन वर्षे वाचला. ऑगस्ट १८९३ मध्ये डॉयल स्वित्झर्लंडात गेला असता मायरिंगन गावाजवळचा रायशेनबाखचा धबधबा त्याने पाहिला आणि जागा ठरली. त्याच वर्षी पत्नीला क्षय असल्याचे निदान झाले, ऑक्टोबरात वडील वारले. डिसेंबरच्या 'स्ट्रँड'मध्ये होम्स आणि प्राध्यापक मोरियार्टी झटापट करत कड्यावरून खाली कोसळले.

पुढे काय झाले ते बहुतेकांनी ऐकलेले असते. लंडनच्या तरुणांनी हॅटला काळ्या फिती बांधल्या, अशी हकीकत सांगतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ती सांगताना जरा अडखळायला होते, कारण तिला समकालीन पुरावा सापडत नाही. वीस हजार वर्गणीदारांनी 'स्ट्रँड' बंद केल्याचा आकडाही पुस्तकापुस्तकांतून फिरत आला आहे. एका बाईने मात्र लेखकाला पशू म्हणून संबोधून पत्र लिहिले होते, हे डॉयलने स्वतःच आठवणींत नमूद केले आहे. मला तेवढा पुरावा पुरतो.

आठ वर्षे त्याने दाद दिली नाही. १९०१ मध्ये 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' आली, पण ती होम्सच्या मृत्यूपूर्वीची हकीकत म्हणून. मग एका अमेरिकन साप्ताहिकाने तेरा कथांसाठी ४५ हजार डॉलर देऊ केले आणि १९०३ च्या शरदात होम्स जिवंत झाला. तो कड्यावरून पडलाच नव्हता. मधल्या तीन वर्षांत तो तिबेटात ल्हासापर्यंत जाऊन आला होता. वाचकांच्या आग्रहाखातर हेर परतल्याचे उदाहरण आपल्या देशातही आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेश बक्षीला दीड दशक बाजूला ठेवले आणि १९५१ मध्ये पुन्हा हाती घेतले. पुढे ते पुण्यातच स्थायिक झाले होते.

होम्सचे मरण साऱ्यांना ठाऊक असते. त्याच्या परतीनंतरच्या निराशेबद्दल मात्र फार थोडे बोलले जाते, कारण ती गाजावाजा न करता आली. साठ कथा-कादंबऱ्यांपैकी चौतीस, म्हणजे निम्म्याहून अधिक, धबधब्यानंतर लिहिल्या गेल्या. कॉर्नवॉलमधल्या एका नावाड्याचा अभिप्राय डॉयलने नोंदवून ठेवला आहे: कड्यावरून पडून तो मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही. लेखकाने स्वतः मात्र हे मान्य केले नाही. आमच्या शाळेच्या वाचनालयात होम्सचा संच आहे. पहिल्या दोन कथासंग्रहांना तीनदा बांधणी करावी लागली. 'केस-बुक' या शेवटच्या संग्रहाची पाने अजून कोरी करकरीत. मुले तिथपर्यंत पोहोचतात आणि पुस्तक परत करतात. कारण विचारले तर नीट सांगता येत नाही.

वाचकांच्या किरकोळ तक्रारी तर पहिल्यापासून होत्या. 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये शर्यतीचे नियम साफ चुकले होते. 'प्रायरी स्कूल'मध्ये सायकलच्या चाकांच्या ठशांवरून ती कोणत्या दिशेने गेली ते होम्स ओळखतो. यावर इतकी पत्रे आली की डॉयलने स्वतः सायकल चालवून पाहिली. सपाट जमिनीवर वाचकांचेच खरे ठरले. चढावर मात्र चाकांचा ठसा अधिक खोल उमटतो, एवढाच आधार त्याच्या हाती लागला. आमच्या गावात सायकलवर येणारी मुले पुष्कळ आहेत, त्यांनी पावसाळ्यात हा प्रयोग करायला हरकत नाही.

असल्या चुका वाचक हसून सोडून देतो. शेवटच्या संग्रहाचे दुखणे वेगळे. 'मॅझरिन स्टोन' ही मुळात नाटिका, तिची कथा केली आणि वॉटसनच्या तोंडून निवेदन काढून घेतले. दोन कथा होम्स स्वतःच सांगतो आणि वॉटसन नसला की तो किती कोरडा आहे ते कळते. 'क्रीपिंग मॅन'मध्ये एक म्हातारा प्राध्यापक वानराचा अर्क टोचून घेतो आणि भिंतीवर चढू लागतो. 'थ्री गेबल्स'मध्ये होम्स एका काळ्या माणसाच्या वर्णावरून हिणकस बोलतो, तेव्हा तर पुस्तक खाली ठेवावेसे वाटते. याच लेखकाने १८९३ मध्ये 'यलो फेस' लिहिली होती. तीत एक गोरा माणूस पत्नीच्या आधीच्या लग्नाच्या काळ्या मुलीला निमूटपणे कडेवर उचलून घेतो.

असे का व्हावे? वय हे एक कारण. काळ हे दुसरे: महायुद्ध होऊन गेले होते, रस्त्यावर मोटारी आल्या होत्या आणि होम्स गॅसच्या दिव्यांच्या लंडनातच वावरत होता. पण खरे कारण मला वाटते ते असे की डॉयलचे चित्तच इथे नव्हते. १९१६ पासून तो उघडपणे परलोकविद्येचा प्रचारक झाला होता. ऑक्टोबर १९१८ मध्ये मुलगा किंग्स्ली गेला, काही महिन्यांत भाऊ गेला. ज्या 'स्ट्रँड'मध्ये होम्स येत असे, त्याच मासिकाच्या १९२० च्या नाताळ अंकात डॉयलने यॉर्कशरमधल्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानून लेख लिहिला. पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या, याची कबुली १९८३ साली मिळाली. चिखलाच्या डागावरून माणूस ओळखणाऱ्याचा निर्माता इतका भाबडा निघावा, ही तेव्हाच्या वाचकांची सर्वांत मोठी निराशा असणार.

आणि तरी एका गोष्टीसाठी मी 'केस-बुक' फडताळातून काढत नाही. 'द लॉस्ट वर्ल्ड'मधला आपला दुसरा लाडका नायक, प्राध्यापक चॅलेंजर, डॉयलने १९२६ च्या 'लँड ऑफ मिस्ट'मध्ये परलोकवादी करून टाकला. होम्सच्या बाबतीतही तेच करणे त्याला सहज शक्य होते. त्या चळवळीला होम्सइतका वजनदार साक्षीदार दुसरा कोण मिळाला असता? पण १९२४ च्या 'ससेक्स व्हॅम्पायर'मध्ये रक्तपिपासू पिशाचाचे प्रकरण समोर येते, तेव्हा होम्स भुताखेतांना आपल्या कचेरीत जागा नाही म्हणून मोकळा होतो आणि पुराव्याच्या मागे लागतो. पिशाच ठरवली गेलेली आई बाळाच्या मानेतले विष तोंडाने शोषून काढत होती, हे तो सिद्ध करतो. मुलाच्या मृत्यूनंतर पाचेक वर्षांनी, आपल्या श्रद्धेच्या ऐन भरात, डॉयलने हे लिहिले. कथा पहिल्या दर्जाची नाही. पण वाचकांच्या ठेवीला त्याने हात लावला नाही.

शेवटची होम्सकथा १९२७ च्या एप्रिलमध्ये 'स्ट्रँड'ने छापली. डॉयल ७ जुलै १९३० रोजी वारला. १३ जुलैला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हजारो लोक जमले, व्यासपीठावर त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि तो येऊन बसल्याचे माध्यम म्हणून आलेल्या बाईने जाहीर केले.