कसबा बावड्याची हिरवळ आणि उदकार्गल

झाडांवरून भूमिगत पाणी ओळखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. इ. स. च्या ६ व्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत 'उदकार्गल' अथवा 'दकार्गल' नांवाचा स्वतंत्र अध्यायच आहे. आज उपग्रहांनीं टिपलेल्या चित्रांतील हिरवळ मोजून पाण्याची खोली अजमावितात. हें ऐकून कोणी म्हणतो, प्राचीनांस सर्व ठाऊक होतें. कोणी म्हणतो, तो अध्याय निव्वळ शकुनाचा. मूळ ग्रंथ पाहिला असतां दोन्ही मतें आम्हांस टिकाऊ वाटत नाहींत.

निर्जल प्रदेशांत वेतस आढळल्यास त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर दीड पुरुष खोल पाणी, जांभळीच्या उत्तरेस तीन हातांवर दोन पुरुष, उंबराच्या पश्चिमेस तितक्याच अंतरावर अडीच पुरुष, असें ग्रंथकार सांगतो. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या मनुष्याची उंची, १२० अंगुलें; अजमासें साडेसात फूट. खणतांना अमुक खोलीवर पांढरा बेडूक निघेल असेंही तो म्हणतो. बेडकाचा कैवार आम्ही घेत नाहीं. ही विद्या आपलीच, असा मात्र त्याचा दावा नाहीं. आर्यावृत्तांतील भाग सारस्वत मुनीच्या ग्रंथावरून रचिला व पुढील मनूच्या मतानुसार सांगतों, असें त्यानें स्वच्छ लिहिलें आहे.

आमच्या मतें खरें महत्त्व दोन अटींस आहे. पहिली, 'निर्जल प्रदेशांत' ही. जेथें वरून पाणी मिळण्याचा संभव नाहीं, तेथेंच झाडाची साक्ष ग्राह्य. दुसरी याहून मोलाची: मरुदेशांतील चिन्हांवरून जांगल प्रदेशांत पाणी सांगूं नये, आणि जांभूळ, वेतस इत्यादिकांसाठीं दिलेले पुरुष मरुदेशांत दुप्पट धरावे. म्हणजे जांभळीखालचें १५ फुटांवरचें पाणी तेथें ३० फुटांवर. एका मुलखाचें माप दुसऱ्यास लावूं नये, हा विवेक त्या काळींही होता.

उपग्रहाची रीत अशी: सजीव पान तांबडा प्रकाश शोषितें व त्यापलीकडील, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेंकितें. या दोहोंच्या प्रमाणावरून हिरवळीचा अंक निघतो. अमेरिकेच्या लँडसॅट मालेंतील पहिला उपग्रह १९७२ सालीं, भारताचा 'आय. आर. एस.-१ ए' १९८८ सालीं सुटला. अंक हिरवळीचा आहे, खोलीचा नव्हे. खोली कळण्यास त्याच भागांतील विहिरींचीं मापें शेजारीं ठेवावीं लागतात. महाराष्ट्रांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते, तीं मापें येथें उपयोगीं पडावीं.

आतां कसबा बावडा घ्या. गांव पंचगंगेच्या कांठीं. नदीवर राजाराम बंधारा. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडवितात, तें उपसून उसास देतात. आणि उन्हाळ्यांतही नदीस पाणी राहतें, तें वरच्या धरणांमुळें. त्यांपैकीं भोगावतीवरील राधानगरीचें धरण शाहू छत्रपतींनीं आरंभिलें, तें १९५७ सालीं पुरें झालें. यामुळें आडसाली ऊस एप्रिल-मे महिन्यांतही हिरवागार. चित्रांत बावड्याचें शिवार सर्वांत उजळ दिसणार. पण ती साक्ष नदीची व पंपाची, जमिनीखालच्या पाण्याची नव्हे. उलट, पाटाचें पाणी झिरपून खालची पातळी वर येते; म्हणजे कार्यकारणभावच उलटा. चित्रांतील हा रंग पाहून माळावर विंधनविहीर घेणाराचे पैसे मुरुमांत जातील. तेव्हां अशा ठिकाणीं उसाचें क्षेत्र वगळून, कोरडवाहू माळावर, ऐन मे महिन्यांत हिरव्या राहिलेल्या झाडांपुरताच विचार करणें युक्त.

पण तेथेंही अडचण आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांतला बारीकांत बारीक ठिपका १० मीटर चौरस, म्हणजे एका बाजूस सुमारें २२ हात. एकटा उंबर त्यांत आजूबाजूच्या वाळल्या गवतांत मिसळून जातो, आणि वराहमिहिराचे तीन हात तर त्या ठिपक्याच्या पोटांतच राहतात.