भारतीय पेटंट अधिनियमातील ‘पर से’ : एका पदाचा इतिहास

१९७० साली संसदेने पेटंट अधिनियम संमत केला, तेव्हा कोणत्या गोष्टींस शोध म्हणू नये हे सांगणाऱ्या त्याच्या तिसऱ्या कलमात संगणकाचा उल्लेख नव्हता. औषधे व अन्नपदार्थ ह्यांवरील परकीयांची मक्तेदारी हीच त्या काळच्या विधिकारांची मुख्य चिंता होती. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे अधिनियम बदलणे भाग पडले, आणि १९९९ च्या विधेयकात गणिती पद्धती, व्यवसायपद्धती, संगणक-कार्यक्रम व अल्गोरिदम ह्यांस पेटंट नाकारणारे नवे पोटकलम आले.

विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले असता तिने ‘संगणक-कार्यक्रम’ ह्या शब्दांपुढे ‘पर से’ हे लॅटिन पद घातले. कार्यक्रमाशी निगडित असे अन्य काही शोधस्वरूप असल्यास तेही नाकारले जाऊ नये, मात्र कार्यक्रमाला कार्यक्रम म्हणून पेटंट मिळू नये, असा आपला हेतू समितीने नोंदविला आहे. २००२ च्या दुरुस्तीने हा पाठ कायम झाला व २० मे २००३ पासून अमलात आला. ह्या पदासाठी मराठीत ‘निव्वळ’ म्हणावे, ‘केवळ’ म्हणावे की ‘स्वरूपतः’, ह्यावरच अर्थ बदलतो. मूळ पदाची संदिग्धता त्यातून दिसते.

परंतु अर्थापेक्षाही पदाचे स्थान अधिक परिणामकारक ठरले. १९७३ साली म्यूनिक येथे झालेल्या युरोपीय करारात अशाच अर्थाची मर्यादा वर्ज्य गोष्टींच्या संपूर्ण यादीला लागू आहे. भारतीय पोटकलमात ती एकट्या संगणक-कार्यक्रमाला चिकटली. त्यामुळे कार्यक्रमाला एक फट राहिली, व्यवसायपद्धतीला मात्र कोणतीच राहिली नाही. समितीने हे जाणूनबुजून केले असे तिच्या टिपणावरून म्हणता येत नाही.

फट रुंद करण्याचा प्रयत्न लवकरच झाला. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने कार्यक्रमाचा उद्योगातील तांत्रिक उपयोग व यंत्रसामग्रीशी झालेला त्याचा संयोग हे दोन्ही निषेधातून वगळले. सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते; मार्च २००५ मध्ये संसदेने विधेयक संमत करताना हा बदल गाळला आणि २००२ चा पाठ पुन्हा जिवंत झाला.

ह्यानंतरचा वाद पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांत चालला. ऑगस्ट २०१५ च्या सूचना त्याच वर्षी डिसेंबरात स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ च्या सूचनांनी नव्या यंत्रसामग्रीची अट घातली. जून २०१७ मध्ये तीही गेली. दोन वर्षांत तीन पाठ! अर्जदाराने कशावर विसंबावे?

डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ पासून रखडलेल्या एका अर्जावर निर्णय देताना, धुलाईयंत्रे व शीतकपाटे ह्यांतही आता संगणक-कार्यक्रम असतात ह्याकडे लक्ष वेधले. निषेध कार्यक्रमाला आहे, त्यावर आधारलेल्या प्रत्येक शोधाला नाही, असे सांगून अर्ज फेरतपासणीसाठी पाठविण्यात आला. व्यवसायपद्धतीच्या वाट्याला असा निर्णय आला नाही. दृक्‌श्राव्य आशय दुसऱ्यास भेट देण्याच्या पद्धतीविषयीचे अपील त्याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये फेटाळले: येथे ‘पर से’ नसल्याने निषेध निरपवाद आहे. निषेधांचा फेरविचार व्हावा असे मतही त्याच निकालपत्रात नोंदविले गेले. अपीलकर्त्याला मात्र पेटंट मिळाले नाही.