सिरोंचा : एका नदीकाठच्या बाजारगावाचा वृत्तान्त

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे आडवळणी गाव, एवढीच ओळख पुष्कळांस असते. हेमलकशाच्या रानातले पाणी पामुलगौतमेतून भामरागडापाशी इंद्रावतीस व पुढे सोमनूरजवळ गोदावरीस मिळते. त्या संगमाच्या वरच्या अंगास, प्राणहितेच्या काठी हे गाव वसले आहे. त्याची घडण एका फसलेल्या योजनेने केली, असे आमचे मत आहे.

गाव मूळचे निजामाच्या मुलखातले. १८६० च्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा हे ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचे मुख्य ठाणे ठरले. इतक्या दूर अरण्यात जिल्ह्याची कचेरी कशासाठी? उत्तर नदीत आहे. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने नावांतून पूर्वसमुद्रास न्यावा, हा सर आर्थर कॉटन यांचा आग्रह होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी जुंपली व हिंदी कापसास अकस्मात मागणी आली. मार्गात खडकांचे तीन अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली व अहेरीजवळचे देवलमरी. त्यांवर बांधकामे सुरू झाली. इतक्यात १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. मग पावसाळ्यापुरत्या भरणाऱ्या नदीवर कापूस कोण सोडील? १८७१ साली काम थांबले. १८७४ साली जिल्हाही मोडून सिरोंचा चांद्यास जोडले गेले. त्या दिवसांतील अधिकारी ग्लासफर्ड यांचे नाव तेवढे येथे मागे राहिले.

सरकारी कागदांत सिरोंच्याची कथा येथे जणू संपते. ते आम्हांस मान्य नाही. कचेरी गेली तरी बाजार राहिला. आणि त्या बाजारात तेलुगू, मराठी व माडिया-गोंडी या तीन भाषा एकमेकींशी व्यवहार करीत राहिल्या. सीमा मात्र माणसांवरून सरकत गेल्या. १९५० साली येथे जन्मलेला मनुष्य घर न सोडता प्रथम मध्यप्रदेशात, १९५६ नंतर मुंबई राज्यात, १९६० नंतर महाराष्ट्रात राहिला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा जिल्हाही चंद्रपूरचा गडचिरोली झाला! अशा माणसाच्या स्मृतीस दप्तरखान्याचे वर्षमान कसे पुरावे?

गावाचे खरे पंचांग नदीचे आहे. बृहस्पती मीन राशीस आला म्हणजे प्राणहितेचे पुष्कर भरते (गोदावरीचे सिंहस्थात), आणि दोन्ही तीरांवरील लोक स्नानास लोटतात. पैलतीरी कालेश्वराचे क्षेत्र; तेथे एकाच पीठावर दोन लिंगे आहेत. पूल होण्यापूर्वी यात्रेकरू, व्यापारी व नवरीमुलगी यांना तारणारा एकच : नावाडी. त्याचे नाव कोणत्याही गॅझेटियरात नाही.

अलीकडे नदीवर पुन्हा मोठी योजना आली. मेडीगड्ड्याचे धरण २०१९ साली सुरू झाले व ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. अलीकडच्या काठावरील शेतकऱ्यांनी बुडालेल्या शेतांची तक्रार त्याआधीच मांडली होती. कॉटनच्या योजनेचे नकाशे दप्तरांत जपले गेले. या शेतकऱ्यांचे व जुन्या नावाड्यांचे जबाब अद्याप कोणी लिहून घेतलेले नाहीत. गेले पुष्कर एप्रिल २०२२ मध्ये झाले, पुढचे २०३४ च्या सुमारास येईल. संशोधकांनी तत्पूर्वी सिरोंच्यास जावे, आणि तेलुगू जाणणारा सोबती बरोबर न्यावा.