इंजिन ऑईल खातं तेव्हा : पद्मिनी टॅक्सी आणि निदानाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा यंत्र कुणी शोधलं आणि कधी शोधलं, इथवर येऊन थांबतो. आज थोडं पुढे जाऊ या. यंत्र जुनं झाल्यावर त्याचं काय झालं, त्यातला दोष कुणी आणि कसा ओळखला, हासुद्धा इतिहासच आहे. त्यासाठी आपण एकच तक्रार निवडली आहे. गॅरेजमध्ये ती तीन शब्दांत सांगतात : गाडी ऑईल खाते.

आधी तक्रार समजून घेऊ. पेट्रोल जळण्यासाठीच असतं. इंजिन ऑईल मात्र जळायचं नसतं. त्यानं आत फिरायचं, धातूवर धातू घासू द्यायचा नाही, उष्णता वाहून न्यायची आणि पुन्हा खाली चेंबरमध्ये यायचं. ते कमी होत असेल तर दोनच शक्यता उरतात : एक तर ते बाहेर गळतंय, नाहीतर आत जळतंय. ऐकायला सोपं वाटतं, पण या दोन वाटांतली कुठली, हे इंजिन न उघडता ओळखायचं कसं, याच प्रश्नात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

सुरुवात मोटारीच्याही आधी होते. वाफेच्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट बुजवायला ताग आणि चरबी वापरत. १८५२ मध्ये जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश रेल्वे अभियंत्यानं त्याजागी धातूची, एका ठिकाणी तुटलेली, स्प्रिंगसारखी बाहेर ताणणारी रिंग बसवली. आपल्याकडे मेकॅनिक 'रिंगा गेल्या' म्हणतो, तो त्याच कल्पनेच्या वंशजांबद्दल बोलत असतो. पेट्रोल इंजिनात वरच्या रिंगा दाब धरून ठेवतात आणि खालची ऑईल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं जादा ऑईल खरवडून खाली पाठवते. ही दोन कामं वेगळी आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

गंमत अशी, की सुरुवातीच्या मोटारी ऑईल खात होत्या आणि त्यात कुणाला दोष दिसत नव्हता. अनेक गाड्यांत ऑईल थेंबाथेंबानं इंजिनात सोडत आणि ते परत येईल अशी अपेक्षाच नसे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, म्हणजे १९०८ नंतर, ऑईल आतच राहायचं. पण पातळी बघायला दांडी नव्हती. इंजिनाच्या मागच्या अंगाला खाली दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटीतून ऑईल आलं तर भरपूर आहे, खालच्या तोटीतूनही आलं नाही तर गाडी चालवू नका. म्हणजे ऑईल किती आहे हे बघायला गाडीखाली वाकायचं.

त्याच सुमारास इंग्लंडच्या डेमलर कंपनीनं चार्ल्स नाइट या अमेरिकन माणसाचं स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिन घेतलं. नेहमीचे व्हॉल्व्ह काढून त्याजागी सरकणाऱ्या नळ्या बसवल्या होत्या. इंजिन अतिशय शांत चाले, म्हणून ते राजघराण्याच्या गाड्यांत गेलं. त्या नळ्यांना भरपूर ऑईल लागे, त्यातलं बरंच जळे आणि मागे निळसर धूर निघे. शांततेची ती किंमत होती आणि ती मोजणाऱ्याला परवडत होती. ऑईल खाणं हा दोष की स्वभाव, हे बिल कोण भरतो यावर ठरत आलंय.

आता मुंबईत येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पन्नासच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बनू लागल्या. १९६४ च्या सुमारास ११००-डी आली आणि तिलाच सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालं. १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन. इटलीत फियाटनं हे मॉडेल साठच्या दशकातच मागे टाकलं. आपल्याकडे ते शतक संपेपर्यंत बनत राहिलं. परवाना-राजमुळे नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, आयात जवळजवळ बंद. त्यामुळे इंजिन थकलं म्हणून गाडी टाकून देणं हा पर्यायच नव्हता. सिलिंडर झिजला की बोअर करायचा, मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे. तेही संपलं की स्लीव्ह मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

अशा व्यवस्थेत निदानाला फार महत्त्व येतं. टॅक्सी एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर एक दिवसाची कमाई बुडाली. हेडाचं काम एक-दोन दिवसांत उरकतं. रिंग-पिस्टनचं काम काढलं तर वेळ आणि पैसा दोन्ही कितीतरी जास्त. मेकॅनिकनं नुसता धूर बघून 'इंजिन काढायला लागेल' म्हटलं आणि दोष निघाला व्हॉल्व्ह गाईडचा, तर एका घराचं महिन्याचं गणित कोलमडायचं. म्हणून चांगला मेकॅनिक पाना उचलायच्या आधी प्रश्न विचारायचा. ते कसे, हे क्रमानं बघू.

पहिला प्रश्न : किती? सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून, दांडीवर खुणेपर्यंत ऑईल भरायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे आणि पुढे किती ओतावं लागलं ते मोजायचं. 'फार खाते' याला अर्थ नाही. '१,००० किलोमीटरला अर्धा लिटर' याला आहे. शिवाय खुणेच्या वर भरण्याची सवय असेल, तर जादा ऑईल क्रँकच्या फटक्यानं उडून जातं आणि धडधाकट इंजिनही खादाड वाटतं.

दुसरा प्रश्न : बाहेर गळतंय का? टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकची ऑईल सीलं, फिल्टरची जागा. इथे इंजिनाचा श्वासही बघायचा. पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली उतरतो, त्याला बाहेर पडायला नळी असते. जुन्या गाड्या तो सरळ रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून तो परत इंजिनात ओढून जाळायला सुरुवात झाली. ही नळी काजळीनं तुंबली की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर येतं. अशा वेळी सील बदलून उपयोग नाही, नळी साफ करायची.

तिसरा प्रश्न सगळ्यात सुंदर आहे : धूर केव्हा येतो? समजा पद्मिनी पुण्याहून मुंबईकडे बोरघाट उतरतेय. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला आहे. हवेची वाट बंद, पण इंजिन फिरतंय, म्हणून इनटेकच्या बाजूला जोराची ओढ तयार होते. व्हॉल्व्हची दांडी आणि गाईड यांच्यात फट पडली असेल तर ती ओढ वरचं ऑईल खाली खेचते. घाट संपतो, खोपोलीजवळ पाय दाबला जातो आणि मागे निळा लोट उठतो. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर थोडा वेळ निळा धूर येऊन थांबतो, तोही याच कुटुंबातला : रात्रभर ऑईल गाईडमधून झिरपून बसलेलं असतं. याउलट घाट चढताना, भार पडल्यावर सतत धूर येत असेल आणि ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर भक्‌भक् वायू येत असेल, तर संशय रिंगांवर आणि बोअरवर. उतारावरच्या धुराचा संशय हेडावर, चढावरच्या धुराचा खालच्या कामावर.

चौथा प्रश्न प्रेशर गेजला विचारायचा. प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब घ्यायचा. जिथे दाब कमी तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा बघायचा. दाब चांगला वाढला तर ऑईलनं रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगांत किंवा बोअरमध्ये. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. पण इथे एक फसगत आहे. मघाशी आपण रिंगांची दोन कामं वेगळी केली. वरच्या रिंगा ठीक आणि खालची ऑईल रिंग काजळीनं अडकलेली, असं असेल तर दाब उत्तम येतो आणि गाडी ऑईल खातच राहते. म्हणजे चांगला दाब बघून 'दोष गाईडचाच' असा निकाल देता येत नाही. ओला प्लग कुठल्या सिलिंडरचा आणि धूर केव्हाचा, हे तिन्ही पुरावे एकत्र ठेवायला लागतात.

मुंबईत यात आणखी एक गुंता होता : पेट्रोलमधली रॉकेलची भेसळ. नीट न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं आणि खाली ऑईलमध्येच मिसळतं. मग दांडीवरची पातळी कमी होतच नाही. शहरात फिरणारी गाडी ऑईल खात नाही असं वाटतं. ती लांबच्या प्रवासाला गेली, इंजिन तापलं, मिसळलेला हलका भाग उडून गेला की पातळी एकदम खाली. चालक म्हणणार, कालपर्यंत ठीक होती. झीज मात्र आधीपासून चालू होती.

शेवटी धुराकडे वळू, कारण तो फक्त मालकाचा प्रश्न नव्हता. इंग्लंडच्या १८९६ च्या कायद्यानं मोटारीला रस्त्यावर मोकळीक दिली, ती एका अटीवर : तात्पुरत्या किंवा अपघाती कारणाखेरीज तिनं डोळ्यांना दिसेल असा धूर सोडायचा नाही. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली पेट्रोल गाडीची तपासणी सुरू झाली, तेव्हा यंत्र मोजत होतं कार्बन मोनॉक्साइड, तेही इंजिन जागेवर मंद चालू असताना. हा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, तो मोजणं आवश्यकच होतं. पण ऑईल जळण्याचा निळा धूर त्या आकड्यात फारसा उमटत नाही. म्हणजे कार्ब्युरेटर नीट लावलेली, घाटाखाली निळा लोट सोडणारी टॅक्सी पीयूसी घेऊन बाहेर पडू शकत होती. मागच्या बसस्टॉपवर उभ्या माणसाला जे दिसत होतं, ते यंत्राला दिसत नव्हतं.

१९९९ मध्ये धुराच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली, परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली गेली आणि पुढच्या काही वर्षांत टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर गेल्या. गॅसमुळे पेट्रोलची काळी काजळी थांबली; झिजलेल्या गाईडमधून जळणारं ऑईल मात्र तसंच राहिलं. इंधन बदललं तरी इंजिन तेच होतं. मग वयाची मर्यादा आली : २००८ मध्ये २५ वर्षं, २०१३ मध्ये २० वर्षं. त्या नियमानं शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली.

वयाचा नियम राबवायला सोपा आहे, त्याला दांडी बघावी लागत नाही. पण वीस वर्षांची सांभाळलेली गाडी आणि आठ वर्षांची दुर्लक्षित गाडी यांत जास्त धूर कोण सोडतं, हे तो सांगू शकत नाही. ते सांगणारी विद्या गॅरेजमध्ये होती, फुटपाथवर होती, आणि ती फारशी कुणी लिहून ठेवली नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी, ओळखीत असे जुने मेकॅनिक असतील तर त्यांचं बोलणं टिपून ठेवा. आपल्या शहराच्या इतिहासाचं ते अस्सल साधन आहे. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.