रिअल-टाइम संगणक प्रणाली : ऊर्जाबचत आणि विश्वासार्हता

शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्गावर धावणाऱ्या मोटारीतील ब्रेक-नियंत्रक हा रिअल-टाइम संगणकच होय. त्याचे उत्तर अचूक असून भागत नाही. ते मुदतीत यावे लागते. प्रक्रियकाचा वेग व विद्युतदाब उतरवून ऊर्जा वाचविण्याचा मार्ग मार्क वायझर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सर्वसाधारण संगणकांसाठी दाखविला. २००१ मध्ये पिल्लई व शिन यांनी तो मुदतीच्या बंधनात बसविला. झू, मेल्हेम व मोसे यांनी मात्र २००४ मध्ये दुसरी बाजू मांडली : दाब उतरला की क्षणिक दोषांची शक्यता वाढते आणि काम लांबल्याने ते पुन्हा करण्यास उसंत उरत नाही. म्हणून पुढे, पुनरावृत्तीपुरता वेळ आधी राखून उरलेल्या वेळातच वेग उतरविण्याचे धोरण आले. बचतीची मर्यादा विश्वासार्हतेनेच ठरते, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.