कमरेमागचा उंचवटा

कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत पाठ टेकली की कमरेमागे एक उंचवटा लागतो. दुकानदार त्याला 'लंबर सपोर्ट' म्हणतात. पाठदुखीने त्रासलेला माणूस खुर्ची घ्यायला गेला की आधी गादी दाबून बघतो, आवरणावर हात फिरवतो, पाठ किती उंच आहे ते पाहतो. त्याच्या दुखण्याशी सगळ्यांत जवळचं नातं मात्र या वीतभर उंचवट्याचं असतं. खुर्चीच्या घराण्यात तो फार उशिरा जन्माला आला.

हे घराणं मुळात राजघराणं. 'खुर्ची' आपल्याकडे आली अरबी 'कुर्सी'वरून. तिच्या मागे अक्कडी 'कुस्सू' आणि त्याही मागे सुमेरी 'गुझा', म्हणजे कूळ थेट मेसोपोटेमियाच्या सिंहासनापाशी पोचतं. 'खुर्चीसाठी भांडतात' असं आपण म्हणतो तेव्हा अजूनही सत्ताच अभिप्रेत असते. राजाने ताठ दिसायचं, म्हणून आसनाची पाठ ताठ. त्याच्या कमरेला काय वाटतं, हा प्रश्नच नव्हता.

आपल्या पेढीवरची बैठक वेगळ्या कुळातली. दिवाणजी गादीवर बसून उतरत्या मेजावर खतावणी लिहायचे. मांडी अवघडली की मोडायची, लोड हवा तिथे सरकवायचा, घटकाभर रेलायचं. पाठ त्यांचीही दुखत असेल. पण बसण्याची तऱ्हा बदलायला त्या बैठकीत मुभा होती.

पाश्चात्त्य कचेरीत ही मुभा एका लोखंडी स्प्रिंगने आणली. अमेरिकेतल्या ट्रॉय शहराच्या टॉमस वॉरनने 1849 च्या सुमारास एक खुर्ची घडवली. ती गोल फिरायची, तिला चाकं होती, आणि बैठकीखालच्या स्प्रिंगांमुळे बसणारा कोणत्याही बाजूला झुकला की तीही झुकायची. 1851 मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात ती मांडली गेली. आजच्या ऑफिसखुर्चीची ही पणजी. तिच्याकडे फिरणं होतं, डोलणं होतं. कमरेचं ज्ञान मात्र अजून कोणाकडेच नव्हतं.

ते आलं डॉक्टरांकडून. स्वीडनच्या बेंग्ट ओकरब्लोम यांनी 1948 मध्ये उभं राहणं आणि बसणं यांवर प्रबंध लिहिला आणि खुर्चीच्या पाठीला कमरेपाशी पुढे येणारा बाक असावा, असं मांडलं. त्या बाकाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. 1953 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या जे. कीगन यांनी वेगवेगळ्या स्थितींतल्या माणसांचे एक्स-रे काढून तपासले, आणि आपल्याला रोज जाणवणाऱ्या गोष्टीचं कारण दिसलं. उभ्या माणसाच्या कमरेत कणा किंचित आत वळलेला असतो. बसताना मांड्या वर येतात, मांडीमागचे स्नायू ताणले जाऊन ओटीपोटाचं हाड मागे फिरवतात, आणि तो बाक सपाट होतो. धड आणि मांडी यांच्यातला कोन 90 अंशांवरून 135 अंशांकडे गेला, की कणा आपल्या स्वाभाविक वळणाकडे परततो. काटकोनातली 'शिस्तीची' बैठक कण्याला मानवत नाही, ती यामुळे.

स्वीडनमध्येच आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. उभं असताना दाब 100 धरला, तर आधाराविना बसल्यावर तो 140 च्या आसपास भरला. पुढच्या मोजण्यांत पाठ मागे कलवली आणि कमरेला आधार दिला, की दाब उतरताना दिसला. उंचवट्याला शास्त्राचं पाठबळ मिळालं ते इथे. 1999 मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकावर हेच मोजलं, तेव्हा सैल बसलेल्या स्थितीतला दाब उभ्यापेक्षा किंचित कमीच निघाला. म्हणजे दाबाचा एकच आकडा धरून 'हीच बरोबर बैठक' असं सांगता येत नाही. स्थिती बदलत राहणं हेच पाठीचं पथ्य, असं मला ठामपणे वाटतं.

हे ज्ञान खुर्चीत उतरवणाऱ्यांपैकी बिल स्टम्फ हे मोठं नाव. डॉक्टरांसोबत बसण्याचा अभ्यास करून त्यांनी 1976 मध्ये 'अर्गॉन' खुर्ची आणली. मग डॉन चॅडविक यांच्याबरोबर 1994 मध्ये 'एरॉन'. तिचं मूळ वृद्धांसाठीच्या आसनांच्या कामात आहे: तासन्‌तास बसून अंग तापतं, त्वचेवर दाब येतो, म्हणून फोमऐवजी ताणलेली जाळी आली. ती तीन मापांत निघाली, कारण एकच खुर्ची सर्वांना बसत नाही, हे त्यांनी मान्य केलं होतं.

पाठदुखीसाठी खुर्ची निवडताना हे कूळ आठवावं. उंचवटा वरखाली सरकतो का, आणि पट्टा बांधतो त्या रेषेच्या आसपास येतो का, ते बसून पाहा; तो बरगड्यांखाली टोचत असेल तर खुर्ची तुमची नाही. पाठ पूर्ण टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांच्यात दोन-तीन बोटं जागा उरावी. तळपाय जमिनीवर सपाट टेकावेत. पुष्कळ खुर्च्या उंच माणसाच्या बेताने बनतात आणि अगदी खाली आणल्या तरी बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात. तेव्हा पायांखाली घरातला लाकडी पाट घ्यावा, तो उत्तम काम देतो. हात टेकवले की खांदे वर चढता कामा नयेत. दुकानात दोन मिनिटं नको, वीस मिनिटं बसा. आणि कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर दुकानाआधी डॉक्टर.

शेवटचं काम आहे त्याच खुर्चीवर, आजच करण्यासारखं. अनेक कचेऱ्यांत मागे झुकण्याची कळ खुर्ची आली त्या दिवसापासून बंदच असते, आणि माणसं वर्षानुवर्षं सिंहासनासारखी ताठ बसतात. बैठकीखाली हात घाला, ती दांडी चाचपा, मोकळी करा. पाठीबरोबर जो हलका झोका मागे जाईल, तो वॉरनच्या स्प्रिंगांचा वारसा आहे. दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला, परत या, आणि पुन्हा वेगळ्या रीतीने बसा.