बुश एंटरटेनमेंट कॉर्पोरेशन

बुश एंटरटेनमेंट कॉर्पोरेशन ही अँहायझर-बुश या अमेरिकन बिअर उत्पादक कंपनीची मनोरंजन उद्याने चालविणारी उपकंपनी होती. २००८ साली मूळ कंपनीचे अधिग्रहण झाले आणि त्यानंतर वर्षभरातच ही उद्याने विकण्यात आली.

इतिहास

फ्लॉरिडा राज्यातील टँपा येथे १९५९ मध्ये बिअर कारखान्यालगत बुश गार्डन्स ही बाग खुली झाली. कारखाना पाहण्यास येणाऱ्यांचे आदरातिथ्य हा तिचा हेतू होता. प्रौढ पाहुण्यांना तेथे बिअर विनामूल्य मिळे. १९७५ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे आणखी एक उद्यान सुरू झाले. १९८९ मध्ये कंपनीने सीवर्ल्ड उद्याने विकत घेतली.

अधिग्रहण व विक्री

बेल्जियममधील इनबेव्ह कंपनीने नोव्हेंबर २००८ मध्ये सुमारे ५२ अब्ज डॉलरना अँहायझर-बुश ताब्यात घेतली. या व्यवहारासाठी काढलेले मोठे कर्ज फेडण्याकरिता बिअरव्यतिरिक्त इतर व्यवसाय विकण्याचे धोरण तिने स्वीकारले. त्यानुसार २००९ मध्ये दहाही उद्याने ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेने सुमारे २.३ अब्ज डॉलरना घेतली.

परिणाम

विनामूल्य बिअरची प्रथा २००९ मध्ये बंद झाली. कंपनीचे नाव सीवर्ल्ड पार्क्स अँड एंटरटेनमेंट झाले; बुश गार्डन्स हे नाव मात्र परवान्याद्वारे कायम राहिले. बिअर कारखान्याच्या आदरातिथ्यातून जन्मलेली उद्याने आता गुंतवणुकीवरील परताव्यासाठी चालू लागली. एप्रिल २०१३ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजारात दाखल झाले.